चिमनसिंग: सुरुंग लावायला शिकलेले हात

मांडवीकर | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

४ डिसेंबर होऊन गेला. नौदल दिनाच्या निमित्ताने याही वर्षी १९७१ च्या युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्याबद्दल भरपूर वाचायला मिळालं. निपात, निर्घात, वीर ही तिथल्या बोटींची नावं शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत, आणि ती असायलाच हवीत. काल ९ तारीख. दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका खुकरी बुडाली तो दिवस. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

आज १० डिसेंबर. आजच्या तारखेबद्दल कोणी लिहिताना दिसत नाही, म्हणून सकाळी उठून हा धागा काढतोय.

१९७१ च्या युद्धासाठी नौदलाला आठ महावीर चक्रं मिळाली. त्यातले सात जण अधिकारी. आठवं नाव लीडिंग सीमन चिमनसिंग, हरियाणातल्या रेवाडीजवळच्या गोकलगढचे. त्या यादीतले ते एकटेच खलाशी. माझे बाबा नौदलात इंजिनरूमला होते, ७१ नंतर भरती झालेले. चिमनसिंग यांचं नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. 'आपल्यातला माणूस' असं म्हणायचे ते. खालच्या डेकवरच्या माणसाने दुसऱ्या खालच्या डेकवरच्या माणसाबद्दल म्हणावं तसं.

चिमनसिंग हे क्लिअरन्स डायव्हर, म्हणजे सुरुंगांचं काम करणारे पाणबुडे. पाण्याखाली जाऊन शत्रूचे सुरुंग शोधायचे, निकामी करायचे, आणि वेळ आली तर स्वतः शत्रूच्या जहाजाला स्फोटकं लावायची.

७१ च्या मे महिन्यापासून हेच काम शिकवायला नौदलाचे पाणबुडे पश्चिम बंगालमध्ये पलाशीजवळ गेले. हो, तीच १७५७ ची पलाशी, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली प्लासी. भागीरथीच्या काठावर झाडीत तंबू ठोकले होते. छावणीचं गुप्त नाव सी-टू-पी. प्रमुख लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस, तेही पाणबुडेच. शिकायला आलेली मुलं पूर्व पाकिस्तानातून निसटून आलेली, निर्वासितांच्या छावण्यांतून निवडलेली, बरीचशी कॉलेजातली नाहीतर शेतकऱ्यांची. चारशेच्या वर मुलं त्या काठावर तयार झाली. चिमनसिंग त्यांचे एक शिक्षक.

दिल्लीत या सगळ्याची आखणी नौदल गुप्तवार्ता विभागाचे कॅप्टन मिहिर रॉय करत होते. मैदानावरची सूत्रं होती कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्याकडे. सामंत मूळचे पाणबुडीवाले, १९६९ साली नौदलात आलेल्या करंज पाणबुडीचे पहिले कप्तान. मराठी माणसाने हे नाव तरी विसरू नये. २०१९ च्या मार्चमध्ये ते मुंबईत गेले. बातमी आली, पण कोपऱ्यात.

आता १० डिसेंबर. कोलकाता बंदराच्या दोन बोटी घेऊन त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या होत्या. नावं दिली पद्मा आणि पलाश. बांगलादेशाच्या नौदलाची ही पहिली जहाजं. त्यांच्यासोबत आपली आयएनएस पनवेल आणि सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा. सामंतांच्या हाताखाली हा ताफा हसनाबादहून निघाला, सुंदरबनातल्या खाड्यांमधून उतरत १० तारखेला सकाळी मोंगला बंदरात शिरला. तिथे फारसा विरोध झाला नाही. चित्रांगदा तिथेच ठेवून बाकीच्या तिघी खुलन्याकडे निघाल्या.

दुपारच्या सुमारास खुलन्याजवळ आकाशात तीन नॅट विमानं दिसली. आपलीच. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळं कापड अंथरलेलं होतं. विमानं आपली आहेत, गोळी झाडू नका, असा सामंतांचा हुकूम होता. तरी विमानं खाली आली. आधी पद्मा गेली, मग पलाश.

चिमनसिंग या बुडालेल्या बोटींपैकी एकीवर होते. त्यांच्या अंगात तुकडे घुसले होते. पाण्यात पडलेल्यांवर आता काठावरून पाकिस्तानी मारा सुरू झाला. तशात त्यांना दिसलं की एक अधिकारी आणि एक पोरसवदा खलाशी यांना तरंगणंही जमत नाहीये. त्यांनी दोघांना गाठलं, आडोसा देत गोळीबारातून काठापर्यंत आणलं. आणि काठाला लागल्यावर, जखमी असताना, थेट शत्रूच्या रोखाने धाव घेतली. शत्रू त्यांच्यात गुंतला तेवढ्यात ते दोघे निसटले. चिमनसिंग शेवटी पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावर सुटका झाली आणि मग इस्पितळ.

आयुष्यभर ज्या कामाचं शिक्षण घेतलं आणि दिलं ते सुरुंग लावण्याचं. महावीर चक्र मिळालं ते दोन माणसं पाण्यातून काढल्याबद्दल. हे माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि कोणाला अधिक माहिती असेल तर जरूर लिहा.

---

सायलीची आई | सकाळी ७:३२

सकाळी सकाळी वाचलं आणि अंगावर काटा आला. लेकीला शाळेत 'माझा आवडता वीर' यावर बोलायचं आहे, तिला हेच देते. 'लीडिंग सीमन' म्हणजे लष्करातल्या कोणाच्या बरोबरीचा?

---

मांडवीकर | सकाळी ७:४०

लष्करातल्या नाईकच्या जोडीचा. जवान आणि लान्स नाईक यांच्या वरचा असं धरा.

---

शब्दवेडा | सकाळी ८:१५

धागा फार चांगला. एक शंका. ते लिंपेट माइन लिंपेट माइन म्हणतात ते नक्की असतं कसं? चित्रपटात दाखवतात तसं थाळीएवढं चकचकीत काहीतरी?

---

जुना पाणबुडा | सकाळी ९:०५

मी बोलू शकतो यावर. नौदलाच्या डायव्हिंग शाखेत अठरा वर्षं काढली. चिमनसिंग साहेबांच्या पिढीच्या खूप नंतरचा मी, पण हत्यार तेच आणि पाणी तेच.

लिंपेट म्हणजे खडकाला घट्ट चिकटून बसणारा शंखातला जीव. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला खडपावर दिसतो, बोटाने निघता निघत नाही. त्यावरून नाव. सुरुंगाच्या पाठीला लोहचुंबक असतात, जहाजाच्या पोलादी बुडाला लावला की बसला.

सांगायला सोपं. पण बंदरात महिनोन् महिने उभ्या असलेल्या जहाजाच्या बुडाला हात लावून बघा. कालवं, शेवाळ, चुन्यासारखा कडक थर, तळहात फाटतो. त्या थरावर चुंबक धरतच नाही. म्हणून कमरेला सुरी. श्वास रोखून खाली जायचं, पाण्याच्या ओढीत एका हाताने स्वतःला धरायचं, दुसऱ्याने वीतभर जागा खरवडून काढायची, पत्रा लागला की सुरुंग टेकवायचा. टेकवायचा म्हणजे हळूच. चुंबक हातातून झडप घालून सुटला तर पोलादावर खण्ण आवाज होतो, आणि पाण्यातला आवाज वर आतल्या माणसाला छान ऐकू जातो. उजेड शून्य. डोळे उघडे असोत नाहीतर मिटलेले, फरक नाही. जहाजाचा जनरेटर मात्र छातीत ऐकू येत असतो, सतत.

आम्ही हे सगळं श्वासाचा संच पाठीवर घेऊन शिकलो. ७१ च्या त्या मुलांकडे तो नव्हता. पायात फिन, कमरेला सुरी, आणि छातीपोटाशी गमछ्याने बांधलेला पाच-सहा किलोचा सुरुंग. बस.

---

शब्दवेडा | सकाळी ९:२०

बापरे. म्हणजे पोहत जाताना एवढं वजन पोटाला?

---

जुना पाणबुडा | सकाळी ९:४८

हो. म्हणून सराव विटा बांधून. भागीरथीत, पावसाळ्याच्या तोंडाशी, तासन् तास. ज्याने कधी पोटाला विटा बांधून पोहून पाहिलंय त्यालाच कळेल, पहिल्या पंधरा मिनिटांत माणूस ठरवतो की हे आपलं काम नाही. शिक्षकाचं काम तिथे सुरू होतं. तो बाजूने पोहत राहतो. ओरडत नाही, नुसता राहतो.

आणखी एक. त्या सुरुंगाच्या फ्यूजमध्ये पाण्यात विरघळणारी गुटी होती. ती विरघळली की चाप सुटतो. पण ती साधारण अर्ध्या तासात विरघळणार, आणि पोरांना पोहत पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागणार. मग फ्यूजवर कंडोम चढवायचा, पाणी लागू द्यायचं नाही, जहाजापाशी पोहोचल्यावर काढायचा. छावणीसाठी कंडोमची मोठी खरेदी झाली आणि ती कशासाठी हे कोणाला सांगायची सोय नव्हती. हा किस्सा आमच्या शाखेत पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. युक्ती साधी होती, पण तिच्याविना त्या पोरांच्या पोटावरच स्फोट झाले असते.

---

हुगळीकाठची | सकाळी १०:३०

लग्न होऊन कोलकात्यात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. या विषयावर आपल्या भाषेत काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं, मांडवीकर, मनापासून आभार.

पलाशीला मी दोनदा गेले आहे. लोक १७५७ चा स्तंभ बघतात आणि परततात. नदीकडे कोणी जात नाही. ऑगस्टमधली भागीरथी म्हणजे गढूळ, रुंद, वर शांत दिसणारी आणि आतून ओढणारी. काठावर उभं राहून मी नवऱ्याला म्हटलं, इथे रात्री उतरायचं? तो काही बोलला नाही.

त्या मुलांची पहिली मोठी रात्र १५ ऑगस्टची. चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज, चारही ठिकाणी एकाच रात्री. चितगावात अल-अब्बास आणि होर्मुझ ही मोठी मालवाहू जहाजं बसली. खुणेची व्यवस्था कशी होती माहितेय? आकाशवाणी कोलकाता. पंकज मलिक यांचं एक ठरलेलं गाणं लागलं की तयारीत राहा. मग संध्या मुखोपाध्याय यांचं एक गाणं लागलं की निघा. मुलं लपलेल्या घरांमध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून बसली होती.

माझ्या सासूबाई त्या काळी दिवसभर रेडिओ लावून ठेवायच्या. मी त्यांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तेव्हा आम्हीही ते गाणं ऐकलं असेल गं, भाजी चिरता चिरता.

---

पनवेलवासी | सकाळी ११:०२

आमच्या पनवेलच्या नावाची युद्धनौका होती आणि ती या मोहिमेत होती, हे मला आज चाळीस वर्षं पनवेलमध्ये राहून कळतंय! अजून सांगा कोणीतरी.

---

मांडवीकर | सकाळी ११:२५

होती. रशियन बनावटीची छोटी गस्ती बोट. त्या मालिकेतल्या बोटींना 'प' वरून गावांची नावं दिली होती: पनवेल, पणजी, पुरी, पांबन, पुलिकत. पनवेलचे कप्तान लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हा, त्यांनाही महावीर चक्र. पद्मा आणि पलाश बुडाल्यावर पनवेल एकटी उरली. ती तिथून पळाली नाही. पाण्यातली माणसं उचलली आणि खुलन्यावरचा मारा चालू ठेवला. तुमच्या महानगरपालिकेत एक फलक लागायला हरकत नाही, असं मला खरंच वाटतं.

---

तर्कतीर्थ | दुपारी १२:१०

धाग्याचा हेतू चांगला आहे, पण एका मुद्द्यावर हरकत. चिमनसिंग यांच्या मानपत्रात त्यांची बोट शत्रूच्या कारवाईत बुडाली असं आहे. आपण आपल्याच विमानांनी बुडवली असं लिहिता. वीराच्या गौरवाच्या धाग्यात आपल्याच हवाई दलाकडे बोट दाखवण्याची गरज होती का? यातून नव्या मुलांनी काय घ्यायचं?

---

मांडवीकर | दुपारी १:००

हरकत मनापासून आहे हे समजतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मानपत्रात तसं आहे, बरोबर. ते युद्धानंतर लगेच लिहिलं गेलं. पण पुढे नौदलाच्या इतिहासातच ही गोष्ट उघडपणे आली. स्वतः सामंतांनी अखेरच्या वर्षांत या मोहिमेवरच्या पुस्तकाचं सहलेखन केलं, त्यातही ती आहे. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर बोटी गेल्या, त्यांनीच ती सांगितली. मग आपण कोणापासून लपवायची?

वैमानिकांना मी दोष देत नाही. त्याच नद्यांत पाकिस्तानी गनबोटी फिरत होत्या. वेगात जाणाऱ्या विमानातून खाली एक तपकिरी नदी आणि तिच्यात तीन ठिपके दिसतात. पण मला सांगा, वरून आपलंच विमान येतंय, हातात तोफ आहे, आणि 'झाडू नका' हा हुकूम त्या दोन्ही बोटींवरच्या माणसांनी पाळला. ही गोष्ट मानपत्रातून वगळली गेली की त्यांच्या वाट्याचं काहीतरी आपण काढून घेतो. चिमनसिंग यांनी पुढे जे केलं ते याच धक्क्यातून सावरून केलं. शत्रूच्या गोळीची मनाची तयारी असते. आपल्याच माणसाच्या गोळीची कोणाची असते?

मुलांनी हेच घ्यावं असं मला वाटतं.

---

तर्कतीर्थ | दुपारी १:३५

हुकूम पाळल्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. हरकत मागे घेतो.

---

हुगळीकाठची | दुपारी २:१५

पलाशवर आणखी एक माणूस होता, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. मोहम्मद रुहुल अमीन, नोआखालीचे, इंजिनरूमचे. मांडवीकर, तुमच्या बाबांच्याच कामाचे. बोटीवर मारा झाला तेव्हा ते खालीच होते, बोट वाचवायच्या खटपटीत. जखमी अवस्थेत पाण्यात पडले, पोहत काठाला लागले. आणि काठावर रझाकारांनी, म्हणजे पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक हस्तकांनी, त्यांना मारलं.

रूपसा नदीच्या काठावर त्यांची कबर आहे. बांगलादेशचा सर्वोच्च सन्मान बीरश्रेष्ठ, तो फक्त सात जणांना मिळालाय, सातही मरणोत्तर. नौदलातले एकटे रुहुल अमीन. तिथे शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे नाव माहीत असतं.

एकाच नदीत, एकाच दुपारी, दोन माणसं पोहत काठाला लागली. दोघांच्या काठावर शत्रू उभा होता.

---

सायलीची आई | दुपारी २:४०

सायलीने विचारलंय की ती पाणबुडीतून पळालेली मुलं हीच का? तिने कुठेतरी ऐकलंय.

---

मांडवीकर | दुपारी ३:०५

सायली हुशार आहे. ती ही मुलं नाहीत, पण त्यांच्यामुळेच हे सगळं सुरू झालं. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानची मँग्रो ही पाणबुडी फ्रान्सच्या तुलाँ बंदरात होती. २५ मार्चच्या ढाक्यातल्या कत्तलीची बातमी कळल्यावर तिच्यावरच्या काही बंगाली नौसैनिकांनी पाणबुडी सोडली. त्यातले आठ जण स्पेनमध्ये पोहोचले, माद्रिदच्या आपल्या वकिलातीत गेले आणि तिथून भारतात आले. नौदलाला त्यांच्यावरूनच ही कल्पना सुचली, आणि पुढे तेच पलाशीच्या मुलांचे म्होरके झाले. जाता जाता: खुकरी बुडवणारी हंगोर आणि ही मँग्रो, दोघी एकाच वर्गातल्या.

---

रेवाडी पोस्टिंग | दुपारी ४:२०

नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षं रेवाडीत काढली, म्हणून लिहितो. तो सगळा अहिरवाल, म्हणजे अहिर समाजाचा मुलूख. जवळजवळ प्रत्येक घरातला कोणीतरी फौजेत. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग-ला इथे मेजर शैतानसिंग यांच्याबरोबर लढलेली १३ कुमाऊंची चार्ली कंपनी याच भागातल्या अहिरांची, तिचं स्मारक रेवाडीत आहे. कराचीवरच्या पहिल्या हल्ल्याचं नेतृत्व करणारे कमांडर बबरूभान यादव हेही त्याच जिल्ह्यातले.

मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की पाण्यात. रेवाडीला समुद्र हजार किलोमीटर लांब, नदी म्हणावी तर पावसाळ्यापुरती, आणि पाणी म्हणजे गावाबाहेरचं जोहड, म्हणजे तळं. म्हशी आणि पोरं एकत्र डुंबतात. त्या जमिनीतल्या माणसाने बंगालच्या नद्यांमध्ये चारशे बंगाली मुलांना शिकवायला मदत केली, ज्यांचा जन्मच पाण्यात झाला होता. यामागे केवढी मेहनत असेल.

---

करंजा-उरण | संध्याकाळी ५:४५

अवांतर वाटेल, पण जोडतो. आपले मरीन कमांडो, मार्कोस, हे दल १९८७ मध्ये उभं राहिलं. त्यांचा तळ आयएनएस अभिमन्यू मुंबईजवळ. पलाशीच्या काठावर जे काम नौदलाने पहिल्यांदा करून पाहिलं त्याचीच ही पुढची वाट.

---

शब्दवेडा | संध्याकाळी ६:३०

जुना पाणबुडा, एक शेवटचा प्रश्न. धागा वाचल्यापासून तोच डोक्यात आहे. स्वतः जखमी असताना दोन माणसं पाण्यातून न्यायची, हे शक्य कसं होतं? एकाला धरून पोहायचं तर आपली दमछाक होते.

---

जुना पाणबुडा | रात्री ८:५०

दिवसभर मीही याच प्रश्नावर होतो, म्हणून उशिरा लिहितोय.

बुडणाऱ्याला समोरून कधी गाठत नाहीत. तो मिठी मारतो आणि दोघे जातात. मागून जायचं, हनुवटीखाली हात घालायचा, त्याला उताणा करायचा, आणि आपण कुशीवर पोहायचं. हे एका माणसाचं झालं. दोघांना असं नेता येत नाही, हात पुरत नाहीत. मग एकच रस्ता उरतो. दोघांना एकमेकांच्या जवळ आणायचं, एकाला धरायचं, दुसऱ्याला पाठीला नाहीतर कपड्याला धरायला लावायचं, त्याच्याशी बोलत राहायचं, आणि पाण्याच्या ओढीविरुद्ध न जाता तिरकं काठाकडे सरकायचं. नदी तुम्हाला खाली नेणार हे धरूनच चालायचं. तुकडे लागलेल्या अंगाने प्रत्येक हात मारताना काय होत असेल ते मी लिहू शकत नाही.

पण मला मानपत्रातली एक गोष्ट जास्त कळते. आडोसा देत नेलं. याचा अर्थ पोहताना चिमनसिंग साहेब गोळी येणाऱ्या बाजूला होते. पाण्यात आडोसा म्हणजे दुसरं काही नसतं, स्वतःचं अंगच.

आणि मग काठ. पाण्यातून बाहेर पडताना माणूस सगळ्यात जड असतो. ओले कपडे, चिखल घोट्याच्या वर, पाय थरथरतात, चार पावलं टाकायलाही वेळ लागतो. आमच्या सरावात ठणठणीत माणसं तिथे गुडघ्यावर बसायची. त्या ठिकाणी त्यांनी दोघांना एका बाजूला सोडलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला, बंदुकांच्या दिशेने, धावत सुटले.

१७ डिसेंबरला खुलन्याचं सैन्य शरण आलं. म्हणजे त्या जखमा घेऊन आठवडाभर कैदेत.